उपाशीपोटी यावे

लालबाग, परळ, करी रोड आणि भायखळा येथील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की बद्धकोष्ठ हा फक्त माणसांना होणारा त्रास नव्हे. तो जंगलालाही होतो. जंगलाला ताप चढतो, त्याचं रक्त कमी होतं, त्याला धाप लागते. काही जंगलं वरून अगदी गुटगुटीत दिसतात आणि आतून केव्हाच आटोपलेली असतात. ही बातमी मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही. आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात गव्याच्या शेणाची वाळकी चकती धरून उभ्या असलेल्या एका बाईने ती मला दिली. चकती तिने माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "बघ. नुसतं सुकं गवत. बिचाऱ्याला हिरवं काही मिळतच नाहीये."

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. पण ते असो.

ही बाई म्हणजे डॉ. शालन गमरे. माझी शेजारीण. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, म्हणून शालनताई. राखीव जंगलं, अभयारण्यं, खाड्या, पाणथळ जागा यांची तब्येत तपासणं हा तिचा धंदा. ठिकठिकाणच्या समित्यांवर तिला बोलावणं यायचं. मग ही ठेंगणीठुसकी बाई सहा खिशांची विजार, पुरुषी सदरा आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून, अंबाड्यात पेन्सिल खोचून निघायची. चार दिवस जंगलात फिरायची, परत येऊन गुण द्यायची. हे उत्तम, हे बरं, हे बेताचं, हे नापास. नापास करताना तिला जितका आनंद व्हायचा तितका आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनाही होत नसे.

दारावरच्या पाटीत 'डॉ.' होतं, त्याचा त्रास तिने जन्मभर सोसला. समोरच्या खोलीतले परबकाका तर दर पंधरवड्याला येऊन 'आ' करून उभे राहायचे.

"काका, किती वेळा सांगू? मी जंगलाची डॉक्टर आहे."

"मग झाडपाल्याचा काय तरी दी."

शेवटी ती वैतागून त्यांच्या घशात टॉर्च मारायची आणि म्हणायची, "आत वणवा लागलाय. मिठाच्या पाण्याने विझवा." काका समाधानाने परत जायचे. विशेष म्हणजे त्यांना गुणही यायचा.

तिचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. खात्यात शेकडो साचे एकदम धडधडत असताना, पाठमोरे उभे राहून ते सांगायचे की तिकडे कोपऱ्यात काहीतरी बिघडतंय. शालनताईने ही विद्या जंगलात नेली. कुठल्याही अभयारण्यात शिरलं की ती पहिल्यांदा एका दगडावर बसायची आणि डोळे मिटायची. बरोबरच्या साहेबांना वाटायचं, बाई ध्यानाला बसल्या. काही जण तर आदराने चपला काढायचे. ही मात्र किडे, बेडूक, पाखरं यांचा आवाज ऐकत असायची. "गप्प जंगल म्हणजे बंद पडलेली गिरणी," असं ती म्हणायची. "चिमणी उभी असते, भिंती उभ्या असतात, आत कोणी नसतं." हे बोलताना तिचा आवाज जरा खाली यायचा. लगेच ती खिशातून खोबऱ्याची वडी काढून तोंडात टाकायची.

पण तिचा खरा विश्वास होता तो विष्ठेवर. कोण काय खातंय, किती खातंय, कुठून कुठे जातंय, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि माणसासारखं जनावर त्यात खोटं बोलत नाही, असा तिचा सिद्धांत. त्यामुळे प्रत्येक दौऱ्याहून ती कागदाच्या पुड्या आणायची आणि गच्चीवर वाळत घालायची. वैशाखात एकदा परबकाकूंनी त्याच गच्चीवर, त्याच उन्हात, शेजारच्याच चादरीवर सांडगे घातले होते. दुपारी वारा सुटला म्हणून काकूंनी काकांना पिटाळलं, "जावा, सांडगे घेवन येवा." काकांना जवळचं दिसत नाही आणि लांबचं बघायची त्यांना सवय नाही. त्यांनी दोन्ही चादरींवरचं सगळं एकाच परातीत भरलं.

रात्री जेवताना काकूंनी सांडगे तळले. काकांनी एक तोंडात टाकला, चावला, थांबले, आणि चाळभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय गो, सांडग्यात करवंदाची बी खंयसून इली?"

शालनताई तेव्हा गच्चीवरून रिकामी चादर घेऊन खालीच येत होती. तिने ते ऐकलं आणि ती धावली. अशी धावली की आम्हाला वाटलं, आता ही काकांच्या घशात बोटं घालणार. परबांच्या उंबरठ्यावर उभी राहून ती किंचाळली, "काका, गिळू नका!"

काका पांढरे पडले. "विषारी आसा?"

"नाही हो! ती बी मला द्या. उदमांजराचं आहे ते. करवंद त्याने कुठे खाल्लं ते बघायचंय मला."

उदमांजराचं म्हणजे नेमकं काय, हे काकांना कळायला थोडा वेळ लागला. काकूंना लगेच कळलं. त्यानंतरचा संवाद छापण्याजोगा नाही, आणि मालवणीत तो फार लांबला. काका महिनाभर शालनताईशी बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यापासून मात्र हा किस्सा ते स्वतःच लालबागभर सांगू लागले, आणि प्रत्येक वेळी जनावर थोडं मोठं होत गेलं. शेवटचं मी ऐकलं तेव्हा तो बिबट्या होता.

एका अभयारण्याची गोष्ट शालनताई स्वतः सांगायची, दोन्ही आवाज काढून. तिथल्या साहेबांनी समिती येणार म्हणून झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासला होता. वाटा झाडून काढलेल्या, पाचोळा उचललेला, प्रवेशाशी रांगोळी. साहेब छाती पुढे काढून म्हणाले, "मॅडम, जंगलात एकसुद्धा मेलेलं झाड ठेवलं नाही. सगळी काढून टाकली."

शालनताईने साहेबांकडे बघितलं. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई, वडील, मिसेस, दोन मुलं."

"आई-वडील आहेत ना अजून? बरं झालं. मला वाटलं, म्हातारे झाले म्हणून तेही काढलेत."

मग तिने साहेबांना खाली बसवून समजावलं की मेलेल्या झाडात घुबड राहतं, सुतारपक्षी राहतो, वाळवी राहते, वाळवीवर अस्वल जगतं. पाचोळा म्हणजे जंगलाची शिदोरी, ती झाडून टाकली तर लेकरं खाणार काय? आणि समजावून झाल्यावर नापास केलं. शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थी नीटनेटका आहे, परंतु जिवंत वाटत नाही.' आमच्याकडे ती एवढंच म्हणाली, "लाली लावली म्हणून रक्त वाढत नाही रे."

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

शिवडीच्या पुढे, बंदराच्या गोदामांपाठी, खारफुटीचा एक तुकडा आहे. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला 'बंदरामागचं' म्हणतो. चिखल, तिवराची झाडं, चिखलातून वर आलेली त्यांची बोटांसारखी मुळं, खेकडे, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी. दौऱ्यावर नसली की शालनताई दिवसभर तिथेच. ही जागा राखीव व्हावी म्हणून शालनताईने आयुष्याची कितीतरी वर्षं कचेऱ्यांच्या बाकांवर काढली होती. जागा राखीव झाली. पण राखीव जागेचीही मधूनमधून तपासणी होते. मागच्या तपासणीत समितीने सगळं चांगलं लिहिलं होतं. चिखल उत्तम, खेकडे भरपूर, पक्षी समाधानकारक. आणि शेवटी एक ओळ: 'स्थानिक रहिवाशांना या जागेशी काही देणेघेणे दिसत नाही.' हल्ली जागेच्या तब्येतीत आसपासची माणसंही धरतात. ज्या जागेला वाली नाही ती टिकत नाही, असा त्यातला हिशेब. पुन्हा तोच शेरा आला असता, तर 'राखीव'ची पाटी निघून तिथे भराव पडणार होता. ट्रेलर उभे करायला ती जागा हवी म्हणून काही मंडळी टपूनच बसली होती.

आणि गंमत अशी की ह्या वेळी शालनताईला तोंड उघडायची बंदी होती. तिचं घर जवळ, तिचा जीव त्या जागेत, म्हणून तपासणीच्या वेळी तिने समितीशी एक अक्षर बोलायचं नाही. हा नियम कोणी केला होता? तिनेच. दुसऱ्यांच्या अभयारण्यांत स्थानिक तज्ज्ञ कानाशी गुणगुणत राहतात म्हणून तिनेच तो करून घेतला होता. "परीक्षेच्या हॉलमध्ये आईला प्रवेश नाही," असं म्हणाली होती. आता आई दाराबाहेर उभी होती. त्यातून समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे एक सौम्य प्राध्यापक, आणि त्यांच्या लाडक्या अभयारण्याला शालनताईने पूर्वी एकदा नापास केलेलं होतं.

तिला माणसं हवी होती. तपासणीच्या वेळी खाडीवर नुसती येऊन उभी राहणारी माणसं. तिने गणेश मंडळाच्या कार्यवाहाला, बंड्या नाईकला, मजकूर दिला: 'रविवारी सकाळी बंदरामागच्या राखीव खारफुटीची आरोग्य तपासणी होणार आहे. सर्व रहिवाशांनी उपस्थित राहावे, ही विनंती. डॉ. शालन गमरे.'

बंड्या पन्नाशीचा गृहस्थ, पण मंडळाच्या फळ्यावर मजकूर बसवणं हे एक शास्त्र आहे असं तो मानतो. 'राखीव खारफुटीची' हे शब्द फळ्यावर मावले नाहीत. म्हणून त्याने लिहिलं: 'रविवारी सकाळी बंदरामागे आरोग्य तपासणी. डॉ. गमरे. सर्वांनी यावे.' मग त्याने लांबून बघितलं. काहीतरी कमी वाटलं. त्याने 'मोफत' असा शब्द वाढवला, कारण त्याशिवाय लालबागमध्ये पान हलत नाही असा त्याचा अनुभव. आणि संध्याकाळपर्यंत कोणा अनुभवी माणसाने, कोणी ते आजवर कळलेलं नाही, खाली सुबक अक्षरात भर घातली: 'उपाशीपोटी यावे.'

रविवारी मी तिथे पोचलो तेव्हा शालनताई ओहोटीच्या चिखलात, बांधाच्या खाली उभी होती. बांधावरून माणसं येत होती. एक नाही, दोन नाही, थवेच्या थवे. काठ्या टेकत आजोबा, पदर सावरत आज्या, परबकाका, परबकाकू, मागच्या चाळीतल्या कांबळ्यांचं अख्खं कुटुंब, वॉकर घेतलेले एक माजी कबड्डीपटू. शालनताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा दंड धरून म्हणाली, "आले रे! माणसं आली!"

मग तिला त्यांच्या हातातल्या फायली दिसल्या.

जुने रिपोर्ट, एक्स-रेची पाकिटं, गोळ्यांच्या पट्ट्या. आल्या आल्या मंडळींनी रांग लावली, कारण लालबागचा माणूस उभा राहिला की रांग होते. एक आज्जी बांधाच्या टोकाशी बसून बाही वर करून तयार होती. परबकाकांच्या हातात एक छोटी बाटली होती.

"काका," शालनताई क्षीण आवाजात म्हणाली, "ही बाटली कसली?"

"तूच लिवलंस मा, उपाशीपोटी? मी पूर्ण तयारीन इलंय."

ती काही बोलणार तेवढ्यात समितीची गाडी आली. नियम लागू झाला. शालनताईने तोंड मिटलं. उभ्या आयुष्यात मी तिला एवढा वेळ गप्प बघितलेलं नाही. समोर अध्यक्ष रांगेकडे बघून भारावलेले. "एवढ्या सकाळी? एवढी माणसं?" बंड्या म्हणाला, "सर, सगळी आपलीच." शालनताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खरं सांगावं तर नियम मोडतो, गप्प राहावं तर खोट्याला साथ होते, आणि दोन्हीकडून जाते ती जागाच. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली आणि गमबुटांसकट हळूहळू चिखलात जात राहिली.

समितीचे दुसरे सदस्य पाण्याचे जाणकार. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "वास फार येतोय."

रांगेतून परबकाका ताडकन म्हणाले, "येवकच होयो! सडक्या अंड्याचा वास इलो म्हणजे चिखल जिवंत. नाय इलो तर मेलो. इतक्यासुद्धा ठाऊक नाय तुमका?" हे वाक्य काकांनी वर्षानुवर्षं शालनताईच्या तोंडून, नाक दाबून, ऐकलेलं होतं. सदस्यांनी रुमाल खिशात ठेवला. खाडीच्या वेगवेगळ्या टोकांचं पाणी बाटल्यांत भरून त्यांनी एका ट्रेमध्ये मांडलं आणि खारटपणा मोजायला पेनासारखं यंत्र काढलं. काकांनी बघितलं, तपासणी सुरू झाली, ट्रे आला, बाटल्या मांडल्या जातायत. त्यांनी शांतपणे आपलीही मांडली.

सदस्य एकेका बाटलीत यंत्र बुडवत गेले. खारट, खारट, खारट. मग एका बाटलीपाशी ते थबकले. पुन्हा बुडवलं. डोळे चमकले.

"सर! हे पाणी गोडं आहे! बाकीच्यांच्या मानाने अगदीच गोडं!"

परबकाकांनी बांधाचा आधार घेतला. "गोड? परत वाढली?"

"काय वाढली?"

"साखर."

"काका, खाडीच्या पाण्यात साखर कशी असेल?"

"खाडीत नाय रे बाबा. माझ्यात."

 चिखलातले खेकडेसुद्धा थांबले असावेत. सदस्यांनी हातातल्या यंत्राकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि यंत्र अत्यंत हळुवारपणे, एखादं आजारी पाखरू ठेवावं तसं, खाली ठेवलं.

अध्यक्ष वळले. "गमरेबाई, हा काय प्रकार आहे?"

शालनताईने ओठांवर बोट ठेवलं.

"हो, नियम तुमचाच," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा सौम्यपणा जरा कमी झाल्यासारखा वाटला. मग ते थेट रांगेशी गेले. "तुम्ही सगळे इथे कशासाठी आलात?"

बंड्या पुढे सरसावला, पण परबकाकू त्याच्या आधी बोलल्या. "तपासणीक. मोफत हा म्हणान. पोटात चायचो घोट नाय." आणि त्यांनी फळ्यावरचा मजकूर शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

झालं. शालनताईने डोळे मिटले. मीही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. रांगेत कुजबुज सुरू झाली की सुई टोचणार आहेत की नाही, नसतील तर तसं सांगा, निदान चहा तरी होऊ द्या. आता अध्यक्षांनी जायचं, शेरा लिहायचा, ट्रेलर यायचे. एवढंच बाकी होतं.

पण अध्यक्ष गेले नाहीत. मास्तर मंडळींना एक खोड असते, उत्तर चुकलं तरी ते पुढचा प्रश्न विचारतात. त्यांनी काकूंना विचारलं, "बरं, तपासणीसाठी आलात, हे कळलं. मग एक सांगा. ही जागा उद्या गेली, इथे भराव पडला, तर तुमच्या आयुष्यात काय फरक पडेल?"

रांगेत कोणी फाइल बगलेत धरली, कोणी पायाखाली बघितलं. शालनताईने डोळे उघडले. तिने काकूंकडे असं बघितलं की जणू त्या करवंदाच्या बीसारखंच काहीतरी अनमोल आता काकूंच्या तोंडात अडकलंय आणि ते गिळलं जाता कामा नये.

काकूंनी सगळीकडे एकदा बघितलं. तिवराकडे, चिखलाकडे, चिखलात नडगीपर्यंत रुतलेल्या शालनताईकडे. आणि त्या बोलल्या.

त्या बोलताच अध्यक्ष हसले. असे हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. सगळी रांग हसली. शालनताईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, नियम शेवटपर्यंत पाळत, आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला ओढून बाहेर काढायला चार माणसं लागली. एक गमबूट आतच राहिला.

त्या वर्षअखेरीस शालनताईने चाळीतली खोली पुतणीला दिली आणि ती कोकणात एका खाडीकाठी राहायला गेली. तिथून अधूनमधून फोन करते आणि कोणाचं पोट साफ आहे ते सांगते. माणसांचं नव्हे. मला मात्र ती आठवते ती तशीच, चिखलात उभी, तोंड दाबलेली.

बंदरामागचं अजून राखीव आहे. समितीच्या अहवालात त्या सकाळबद्दल फक्त एक भारदस्त वाक्य आहे: 'या जागेच्या अस्तित्वाशी स्थानिकांचे दैनंदिन जीवन घट्टपणे जोडलेले असून, तिच्या ऱ्हासाने त्यांच्या अधिवासावर गंभीर परिणाम होईल, असे त्यांनी आवर्जून नमूद केले.'

परबकाकू प्रत्यक्षात म्हणाल्या होत्या ते असं:

"ओ सायबानू, ही जागा गेली तर ही बाय दिवसभर घरातच बसतली! मगे आमी खंय जावचा?"